कोरडा ठेवलेला बार

माझ्या आतेभावाचा, संपतचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत डाळिंबाच्या कलमांना पाणी देत होते. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाला. पलीकडून त्याच्या घरातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी चुलीवरचं दूध उतरवा म्हणून ओरडत होतं. मी विचारलं, कशी रे? "चा पेली, बशी धुऊन पालथी घातली, आन म्हनली जरा पडते..." त्या क्षणी रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की बशी धुऊन ठेवून गेली! हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठणारी बाईच नव्हती ती. एकच काम तिच्या हातून राहून गेलं होतं, आणि तेही तिनं याच उन्हाळ्यात पुरं केलं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते, हे माझं भाग्य. आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे ते त्या एका दिवसाबद्दलच.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पळसदेवला दिलेली. उजनी धरणाचं पाणी आलं आणि जुनं पळसदेव त्याच्या पोटात गेलं. घरं, चावडी, चिंचा, सगळं. आत्याचं कुटुंब वर नव्या गावठाणात आलं. किसनमामा, म्हणजे तिचे यजमान, त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. संपत तेव्हा लहान होता. आत्यानं ऊस लावला, मोटार बसवली, पोराला शिकवलं, त्याचं लग्न केलं. हे सगळं करताना कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात तिचा दरारा एवढा, की ती माहेरी येणार म्हटलं की माझे वडील आदल्या दिवशी दाढी करून ठेवायचे. तिनं रस्त्यात कुठंही हात केला की एसटी थांबायची. एकदा एका नव्या ड्रायव्हरनं थांबवली नाही, तर पुढच्या खेपेला ती रस्त्याच्या मधोमध पिशवी ठेवून तिच्यावर बसली. घाबरायची ती फक्त पालीला. पाल दिसली की ही एवढी बाई खाटेवर चढायची आणि संपतला हाका मारायची.

यंदा वैशाखात तिचा मला फोन आला. "नंदे, गाडी घिऊन ये. आदी पान्यावर जायाचं, मग इंदापूरला." कशाला, हे सांगितलं नाही. संपतकडून कळलं ते असं. किसनमामांची एक जुनी ठासणीची बंदूक होती, नळीतून दारू ठासून उडवायची तसली. ते गेल्यावर परवाना कुणाच्या नावावर झाला नाही, म्हणून ती इंदापूरच्या बंदुकांच्या दुकानात जमा करून ठेवली होती. आता दुकानवाले मुनीरभाई दुकान बंद करत होते. मालक नसलेल्या बंदुका सरकारात जमा होणार होत्या, आणि त्याआधी ज्याला आपली बघून जायची त्यानं बघून जावं, असा त्यांचा निरोप होता. संपत म्हणाला, "जुनं लोखंड हाय ताई, जाऊ दे म्हनलं मी. तर आई दोन दिस माझ्याशी बोलली न्हाय."

आमच्या भागाला समुद्र नाही. म्हणून उजनीच्या फुगवट्यालाच आम्ही समुद्र मानून घेतलंय. बारामतीची माणसं रविवारी पोरांना घेऊन तिथं येतात, भेळ खातात, पाण्याकडं तोंड करून फोटो काढतात. वारा सुटला की खरोखरच्या लाटा येतात. काठाला होड्या पालथ्या घातलेल्या असतात, जाळी वाळत पडलेली असतात, वाऱ्याला चिलापी माशाचा वास असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की भेगाळलेल्या चिखलात शिंपले चमकतात आणि पाण्यातून जुन्या देवळाचं शिखर वर येतं. पाणी फारच हटलं तर पायवाटेनं देवळापर्यंत चालत जाता येतं. यंदा तसंच होतं. आत्यानं चपला गाडीत ठेवल्या आणि अनवाणी निघाली. मी मागं. मला वाटलं होतं, हिला हात द्यावा लागेल. कसलं काय! ती सपाट चिखलातून अशी चालत होती की जणू दोन्ही बाजूंना घरं आहेत. एका ठिकाणी उगीचच वळली. मी म्हटलं, सरळ जा की. तर म्हणाली, "तितनं कसं जानार? पाटलाचा गोठा हाय." मी पाहिलं. गोठा नव्हता. दगडांची एक ओळ होती, आणि तिच्यावर एक बगळा उभा होता.

देऊळ जवळ आलं तशी मी मान वर केली. वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली राहूनही ते दगड जागचे हलले नव्हते. भिंतीवरच्या मूर्तींच्या अंगावर चिखल वाळला होता, पण चेहरे ओळखू येत होते. एवढं पाणी अंगावर घेऊन दरसाल हे परत उभं राहतं... आत्या मात्र देवळाकडं बघत नव्हती. ती पुढच्या मोकळ्या जागेत एका सपाट दगडापाशी उभी होती. "हितं पालखी असायची," ती म्हणाली, "आन हितं मालक."

मग तिनं सांगितलं. मी पन्नाशी गाठली तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या जत्रेला पालखी उचलायच्या आधी बंदुकीचा बार काढायचा मान किसनमामांच्या घराण्याकडं होता. बार म्हणजे नुसता आवाज. गोळी नाही, छर्रा नाही. दारू ठासायची, वर चिंध्यांचा बोळा, एवढंच. तो आवाज झाल्याशिवाय खांदेकरी पालखीला हात लावत नसत. जुन्या गावातल्या शेवटच्या जत्रेला मामांनी सकाळीच बंदूक भरून ठेवली. पालखी सजली. आणि गावात वाद लागला. निम्मे म्हणाले, या वर्षी पालखी निघेल ती थेट नव्या गावठाणात न्यायची, देवाला पुढं घालून आपण मागून जायचं. निम्मे म्हणाले, देव हलला तर गाव गेलंच म्हणून समजा, उचलायचीच नाही. दिवस मावळेपर्यंत भांडण. मामा खांद्यावर बंदूक घेऊन या दगडापाशी तसेच उभे. पालखी उचललीच नाही. माणसं पांगली आणि मामा भरलेली बंदूक घेऊन घरी आले.

"फुडं पानी आलं. देवाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला, पोत्यावर बसवला, आन न्हेला. ना पालखी, ना बार. मालक म्हनायचे, पावन्याला सुदिक आपन दारापत्तुर जाऊन वाटं लावतो, आन देवाला आमी सिमेंटच्या पोत्यासारका धाडला." तिनं पदर सारखा केला. "जाईस्तवर त्येंनी ती बंदूक रिकामी केली न्हाय. म्हनायचे, पालकीसाठी भरलीया, पालकीसाठीच उडंल."

मला कळायला क्षणभर लागला. "आत्या, म्हणजे ती..."

"भरलेलीच हाय की."

"आणि दुकानात माहीत आहे का?"

"मुनीरच्या बापानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तितंच रिकामी केली असती मेल्यानं."

चाळीस वर्षांवर काळ! इंदापूरच्या भर बाजारात, लोकांच्या डोक्यावर भिंतीला एक भरलेली बंदूक टांगून ही बाई निवांत ऊस पिकवत होती. मला रागवावं की पाया पडावं ते कळेना. ती मात्र पाण्याकडं बघत सरळ म्हणाली, "आज ती घ्यायाची, हितं आनायाची, आन मालकांचा बार काढायाचा. देऊळ वर हाय तवरच. मग मी मोकळी."

मुनीरभाईंचं दुकान मी रस्त्यावरून जाताना शंभरदा पाहिलं असेल, आत कधी गेले नव्हते. दर्शनी भागात दोन-तीन छऱ्याच्या बंदुका आणि धूळ. पण जाळीचं दार उघडून मागच्या खोलीत गेलो आणि मी उंबऱ्यातच थबकले. चारी भिंतींवर बंदुका. माणसापेक्षा उंच, वात लावून उडवायच्या तोड्याच्या बंदुका, चांदीच्या तारेचं काम केलेल्या, दुनळ्या, चालायच्या काठीत लपवलेली एक, दारू ठेवायची बैलाची शिंगं. प्रत्येकीला कापडाची चिंधी बांधलेली आणि तिच्यावर शाईनं एका गावाचं नाव. ज्यांच्या घरातून त्या आल्या ती घरं आता कुठं असतील कोण जाणे. पुण्यामुंबईचे हौशी लोक त्या बघायला येतात, मोठाल्या किमती बोलतात. मुनीरभाई फक्त स्वतःच्या मालकीच्याच विकायचे. जमा असलेल्यांना नुसतं तेल लावायचे. दरवर्षी खंडेनवमीला ती सगळी घरं इथं येत, आपापल्या बंदुकीला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि हात हलवत परत जात. घरी नेता येत नाही, पण पूजा चुकवायची नाही. आत्या दर खंडेनवमीला इंदापूरला का जायची, ते मला त्या खोलीत उभं राहिल्यावर समजलं. आम्ही समजत होतो, बाजार करायला जाते.

मुनीरभाई सत्तरीचे, पांढरी दाढी, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आत्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला. आत्यानं चहा यायची वाट पाहिली नाही.

"मुनीरभाऊ, येक सांगायचं ऱ्हायलं व्हतं. ती बंदूक भरलेली हाय."

मुनीरभाईंनी आधी आत्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग बंदुकीच्या बरोबर खाली असलेल्या स्वतःच्या खुर्चीकडं. "कवापास्नं?"

"हितं आल्यापास्नं. त्याच्या बी आदीपास्नं."

"आक्का, मी तिच्याखाली रोज डबा खातो!"

"मग? काय झालं का?"

मला हसू दाबता आलं नाही. मुनीरभाई हसले नाहीत. त्यांनी उठून बंदूक उतरवली, तोंड भिंतीकडं ठेवून नळीत हलकेच गज घातला. गज तळापर्यंत गेला नाही, चार बोटं वरच अडला. त्यांनी तो बाहेर काढला आणि खुर्चीत मटकन बसले. मग आत्यानं आपलं मागणं सांगितलं. देवळापुढं, एकदाच. ते ऐकून घेत होते, दाढीवरून हात फिरवत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर दिसत होतं.

"न्हाय आक्का. नळी आतनं गंजानं खाल्लीया. चाप ओढला तर तुमच्या तोंडावर फुटंल. आन फुटली न्हाय तरी ही माझ्या दुकानातनं कुनाच्या हातात देता येत न्हाय. कायदा हाय."

"मंजी देत न्हाय."

"न्हाय देत."

आत्याला कुणी नाही म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती भांडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि एकाएकी मला दिसलं की ती खूप म्हातारी झाली आहे. मुनीरभाईंनाही ते दिसलं असावं. ते मवाळ आवाजात म्हणाले, "आता कळलंय तर मला ही रिकामी करावीच लागंल. नळीत पानी वतायचं, दारू भिजली की मग बोळा वडून काढायचा. धोका नको." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"पानी नगं."

"आक्का, रीत हाय ती. कोरडी दारू वडताना..."

"मुनीरभाऊ," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला, "पान्यानं माझं घर घेतलं. गाव घेतलं. चिचा घेतल्या. येवडं येक माझ्या मालकाच्या हातचं कोरडं ऱ्हायलंय. त्यावर तरी पानी वतू नगा."

मुनीरभाई तांब्या हातात धरून उभे राहिले. पोऱ्या चहा ठेवून गेला, चहावर साय धरली. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुमी दोघी रस्त्याच्या बाजूला बसा," म्हणाले, "आन काय आवाज आला तर आत येऊ नका." बंदूक घेऊन ते मागच्या परसात गेले आणि दार लावून घेतलं.

बाहेर इंदापूरचा बाजार चालू होता. कलिंगडाचा ट्रक मागं घेताना कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" करत होतं. मी घामानं भिजले होते. एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दासाठी एक म्हातारा माणूस भिंतीपलीकडं जीव धोक्यात घालत होता, आणि त्या दोघांमध्ये नातं काय, तर एका भिंतीवर टांगलेल्या वस्तूचं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

दार उघडलं. मुनीरभाईंचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्या तळहातावर काळा पडलेला कापडाचा एक बोळा होता. आत्यानं तो उलगडला. घडीच्या आत अजून रंग शिल्लक होता, हिरव्या लुगड्याचा तांबडा काठ. ती एकटक बघत राहिली आणि मग फिसकन हसली. "अगं बया! ह्यो काठ मी घरभर धुंडला. जावंनं चोळीला घेतला म्हनून तिला बोल लावला. आन ह्यांनी कोंबला व्हय बंदुकीत!" हसता हसता तिचे डोळे भरले. "जाऊ गेली बिचारी. बोल तसाच ऱ्हायला तिच्या माथी."

दारू एका पितळी डबीत होती. काळी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी, आणि कोरडी. मुनीरभाई म्हणाले, "ही बी तुमच्या हातात देता येत न्हाय."

"मग तुमच्याच हातात ठिवा," आत्या उठत म्हणाली, "आन चला."

आणि ते निघाले! दुकानाला कुलूप लावून, डबी मांडीवर धरून, माझ्या गाडीत मागं बसले. पळसदेव येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला "ताई, हळू... हळू ताई" करत होते. आत्या पुढं बसून त्यांना सांगत होती की त्यांचे वडील फार सरळ माणूस होते, कधी काही विचारायचे नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वारा पडला होता, पाणी अगदी थिर होतं. काठावरच्या माणसांनी आम्हा तिघांकडं वळून पाहिलं असेल, मला भान नाही. मुनीरभाईंनी सपाट दगड फुंकून साफ केला, दारू त्यावर ओतली, एका लांब काठीच्या टोकाला उदबत्ती बांधून ती आत्याच्या हातात दिली आणि आम्हा दोघींना मागं सरकवलं. आत्यानं देवळाला हात जोडले. काठी पुढं केली. उदबत्तीचं टोक दारूला लागलं. काही झालं नाही. तिनं काठी तशीच धरून ठेवली, मागं घेतली नाही. आणि मग एकदम, पांढराफेक उजेड! एवढा, की देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती क्षणभर जिवंत झाल्यासारख्या दिसल्या. त्यामागून धुराचा लोट सरळ वर चढला. चाळीस वर्षांवरची ती दारू, अजूनही पेटली. मी असं काही आयुष्यात पाहिलेलं नाही.

पण आवाज झाला नाही. नुसतं फुस्स. नळीत ठासल्याशिवाय दारू वाजत नाही, हे मुनीरभाईंना ठाऊक होतं, मला नव्हतं. आत्याला ठाऊक असलं तरी तिनं ते कबूल केलेलं नव्हतं. ती धुराकडं बघत उभी. मुनीरभाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं... एवढं करून हिचा बार राहिलाच.

तेवढ्यात आत्यानं पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला, आणि ऐंशीच्या घरातली माझी आत्या बेंबीच्या देठापासून ओरडली, "धडाड!"

पाण्यावरचे बगळे उडाले. आवाज देवळावर आदळून परत आला, तिच्या आवाजापेक्षा जाड होऊन. आम्ही कुणीच हसलो नाही. मुनीरभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आपोआप ताठ उभे राहिले. आत्यानं काठी खाली टाकली, आमच्याकडं वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "चला. निघाली पालखी."

ती बाजूला सरकली, मधली वाट मोकळी केली आणि कडेनं चालू लागली. जपून, संथ, खांद्यावर जड ओझं घेतलेल्या माणसांबरोबर चालावं तशी. मुनीरभाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि दुसऱ्या कडेनं चालू लागले. मी आत्याच्या मागून, तिच्याच कडेनं. पाण्याच्या काठानं, चिखलातून, जिथं घरं होती तिथून आम्ही तिघं त्या मोकळ्या वाटेच्या दोन्ही अंगांनी नव्या गावाच्या चढापर्यंत आलो. चढावर आल्यावर आत्यानं मागं वळून पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणणार नाही, तो शब्द फार छोटा आहे. मी भारावून गेले होते, अजूनही आहे.

बंदूक ठरल्याप्रमाणे सरकारात गेली. मुनीरभाईंच्या दुकानाचं शटर आता खाली असतं. आत्याला नेलं त्या दिवशी ते इंदापूरहून आले होते, गर्दीच्या मागं उभे होते. धरण भरलंय, देऊळ, तो दगड, ती वाट, सगळं पुन्हा पाण्याखाली आहे. परवा संपतकडं गेले होते. संध्याकाळी त्याच्या मळ्यातून पाण्याकडं जायच्या वाटेनं दोघं निघालो. थोडं चालल्यावर तो थांबला. "ताई, मदनं चाल की. कडंला काटं हायत."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पाय जरा जपून टाकले, पण कडेनंच चालत राहिले.